चुकीच्या बरणीतली समुद्रपिचकारी

माझी बी.एस्सी. एका गोळ्यापायी वर्षभर लांबली. लोक विचारतात, गणित अवघड गेलं होतं का, की आजारी पडला होतास? मी सांगतो, नाही, समुद्रातला एक प्राणी चुकीच्या बरणीत होता. मग ते हसतात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं झाली, तरी जातेच.

गोष्ट साठ सालानंतरची. नवं राज्य झालं होतं, जिल्हा तोच होता. मी दिग्रसचा. वडील तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते आणि मी यवतमाळला खोली करून प्राणिशास्त्र शिकत होतो. दिग्रसच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा रिकामी होणार होती. हेडमास्तर बाबांना म्हणाले होते, जूनमध्ये निकाल घेऊन पोराला पाठवा. घरात तोवर कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं, मास्तर होणं तर दूरच. तेव्हा त्या उन्हाळ्यात पास होणं एवढं एकच काम माझ्यापुढे होतं.

आमच्या वर्गात समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. आमच्याकडचं पाणी म्हणजे विहीर, नाहीतर उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरणारी नदी. आणि अभ्यासक्रमात अर्धेअधिक प्राणी समुद्रातले. तारामासा, जेलीफिश, ऑक्टोपस, सगळे प्रयोगशाळेच्या कपाटांत फॉर्मॅलिनमध्ये बुडून बसलेले. रंग सगळ्यांचा एकच, जुन्या मेणबत्तीचा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला त्यातल्या दहा-बारा बरण्या टेबलावर ओळीने मांडायच्या, लेबलावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि घंटा वाजली की प्रत्येकाने पुढच्या बरणीसमोर सरकायचं. प्राणी ओळखा, त्याचं वर्गीकरण लिहा, कारणं द्या. याला आम्ही स्पॉटिंग म्हणत असू.

आता खरं सांगायचं तर आम्ही प्राणी ओळखत नव्हतो, बरण्या ओळखत होतो. ऑक्टोपसच्या बरणीला निळं झाकण. जेलीफिशचं फॉर्मॅलिन चहाच्या रंगाचं. समुद्रपिचकारीच्या झाकणावरून लाखेचा ओघळ उतरलेला, आणि स्पंजच्या बरणीच्या तोंडाचा टवका उडालेला. ही विद्या पास झालेली मुलं जाताना मागच्या मुलांच्या हवाली करून जात. पुस्तक इंग्रजीत, आम्ही मराठी शाळांतून आलेलो, आणि प्राणी सगळे मेणाचे. टवका मात्र कुठल्याही भाषेत टवकाच दिसायचा.

समुद्रपिचकारी हे नाव सरांनी दिलेलं. पुस्तकात त्याचं लांबलचक लॅटिन नाव होतं, ते उच्चारताना आमची जीभ अडखळायची. म्हणून सर एकदा वैतागून म्हणाले, "अरे, पाण्याबाहेर काढलं की अंगातलं पाणी पिचकारीसारखं उडवतो तो. समुद्रपिचकारी म्हणा!" अख्खं खातं सर एकटे चालवायचे. शिकवायचेही, जर्नलंही तपासायचे, बरण्यांसाठी ऑफिसात भांडायचेही. फळ्यावर रंगीत खडूने चित्र असं काढायचे की पुसायला जीव होत नसे.

त्या प्राण्याचा तास मला आजही आठवतो. सरांनी फळ्याच्या डावीकडे एक पिल्लू काढलं, बेडकाच्या पिल्लासारखं. शेपटीत एक ताठ दांडी, ज्यातून पुढे मोठ्या प्राण्यांचा कणा होतो ती. दांडीवरून जाणारी मज्जारज्जू. डोक्यात उजेड कळणारा ठिपका. हे पिल्लू खात नाही, पीत नाही, काही तास नुसतं पोहतं. मग एखादा दगड शोधतं आणि डोकं खाली करून त्याला चिकटतं. फळ्याच्या उजवीकडे येईपर्यंत शेपूट जिरलेली, दांडी गेलेली, मज्जारज्जूची एवढीशी गाठ उरलेली. आतलं सगळं अंग फिरून तोंड वरच्या बाजूला आलेलं. राहिला एक बटाट्याएवढा चिवट गोळा आणि त्याला दोन तोट्या. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. मरेपर्यंत तेवढंच.

"मोठमोठ्या पंडितांनी गोळा पाहिला आणि याला शिंपल्या-गोगलगायींच्या रांगेत बसवलं," सर म्हणाले. "मग एका रशियन माणसाने अंड्यातून पिल्लू निघताना आणि त्याचा गोळा होताना डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा कळलं की हा आपल्या रांगेतला आहे. कणेवाल्यांचा दूरचा भाऊबंद. म्हणून म्हणतो, वर्गीकरण ऐकून करायचं नसतं. बघून करायचं असतं!"

मला त्या पिल्लाचा रागच यायचा. पोहता येतं, उजेड कळतो, कण्याची तयारी झालेली आहे, आणि हा गडी करतो काय, तर दगडावर डोकं टेकतो आणि स्वतःची शेपूट जिरवून गप्प बसतो. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. कुणी गप्प बसलं की मला चीड यायची.

त्या हिवाळ्यात बाबा मशीनचा एक भाग घ्यायला यवतमाळला आले आणि मला भेटायला थेट प्रयोगशाळेत शिरले. सर नव्हते. बरण्या पुसत बसलेले काका होते, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. सगळा वर्ग त्यांना काकाच म्हणायचा. बाबा कपाटापाशी उभे राहिले आणि लाखेच्या ओघळाच्या बरणीत वाकून पाहू लागले.

"हे काय व्हय?"

"समुद्रातला जीव हाय, बाबा."

"जीव? अन् याचं तोंड कुठी हाय?"

काकांनी हौसेने झाकण काढलं आणि गोळा चिमट्याने बशीत ठेवला. बाबांनी तो सरळ बोटांत धरला. वीस वर्षं यंत्रं खोललेला माणूस, तो काय डोळ्यांनी पाहणार? एका तोटीत करंगळीचं टोक घातलं, मग दुसरीत. बुडाला चिकटलेली वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे अंगठ्याने चाचपले.

"पंप हाय ना बे हा," ते म्हणाले. "इकून पानी घेते, मंधात गाळते, तिकून फेकते. अन् बूड वाळूत गाडून बसते, हालू नाई म्हून. तू दोन सालापासून काय शिकून राह्यला?"

मी म्हटलं, याचं वरचं कातडं कापसात असते त्याच जातीच्या वस्तूचं असते, असं पुस्तकात हाय. बाबा खदाखदा हसले. "मंग आपल्याच जिल्ह्यातलं दिसते. वाट चुकून समुद्रात गेलं बिचारं!"

ते गेल्यावर मी पहिल्यांदा त्या गोळ्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं मी ओघळच पाहत आलो होतो. त्या दिवसापासून मी एकेक बरणी उघडून आतला प्राणी पाहायला लागलो. काकांनी कधी हटकलं नाही. मुलं मात्र टिंगल करायची, म्हणायची, हा आता मास्तर नाही, ढोरांचा डॉक्टर होणार.

मार्च लागला आणि यवतमाळच्या उन्हात फॉर्मॅलिन उडून गेलं. प्राणी निम्मे उघडे पडले, वास सुटला. बाहेरगावचे परीक्षक येणार म्हणून काकांनी एका रविवारी एकट्याने सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या, राखेने घासल्या, उन्हात उपड्या घातल्या आणि नवं फॉर्मॅलिन भरलं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरांची मान खाली जाऊ नये म्हणून केलं. साप सापाच्या बरणीत गेला, बेडूक बेडकाच्या. शेवटी परातीत उरले दोन गोळे आणि उन्हात दोन बरण्या.

परीक्षेच्या दिवशी सातव्या नंबरला टवक्याची बरणी होती. माझ्या पुढचा मुलगा आतही न बघता लिहून मोकळा झाला. घंटा वाजली, मी समोर गेलो. हात आपोआप "स्पंज" लिहायला निघाला होता आणि तेवढ्यात मला दोन तोट्या दिसल्या. बुडाला वाळू. शिंपल्यांचे तुकडे. बाबांनी चाचपलेला तोच गोळा! बरणी एक सांगत होती, आतला जीव दुसरं. मी जिवाचं ऐकलं. समुद्रपिचकारीचं लॅटिन नाव लिहिलं, वर्गीकरण लिहिलं, वेळ उरला म्हणून पिल्लाचं रूपांतरही चार ओळींत लिहिलं. मनातल्या मनात मला फार शहाणा झाल्यासारखं वाटत होतं.

दुपारी तोंडी परीक्षा. परीक्षक घड्याळ बघत होते, त्यांना संध्याकाळची एस.टी. गाठायची होती. माझा कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "सात नंबर. हे काय लिहिलंय?"

मी सांगितलं. त्यांनी बरणी मागवली, पट्टी नखाने उचलली आणि लेबल माझ्याकडे फिरवलं. सरांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, स्पंज.

"वाचता येतं ना?"

"सर, लेबल नका पाहू. आत पाहा."

सर परीक्षकांच्या शेजारीच बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. बाहेरच्या माणसासमोर मी त्यांच्या अक्षराला खोटं पाडत होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

"बाकीच्या सगळ्यांना स्पंज दिसला," परीक्षक म्हणाले, "आणि तुम्हाला एकट्यालाच साक्षात्कार झाला?"

"सर, या दोन तोट्या..."

"भोकं स्पंजालाही असतात. या आता."

मी सरांकडे पाहिलं. ते माझं जर्नल चाळत होते.

प्रॅक्टिकलमध्ये दोन मार्कांनी गेलो. लेखी पेपर सगळे सुटले होते, पण प्रॅक्टिकल वेगळं पास व्हावं लागायचं. दिग्रसची जागा जूनमध्ये भरली. परीक्षेत माझ्या पुढे उभा राहून ज्याने टवका बघून स्पंज लिहिला, त्याच मुलाने ती भरली. यावर काय बोलायचं! आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं आणि डोळे उघडे ठेवल्याबद्दल शिक्षा मला झाली होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुंटीवरचा सदरा काढला.

"चाल. मी येतो संगं. पंप कसा राह्यते ते दाखवतो त्यायले."

"नोका येऊ, बाबा."

"काहून नोको?"

माझा बाप तेलकट हातांनी सरांच्या टेबलासमोर उभा राहील आणि सर त्याच्याशीही तसेच जर्नल चाळत बोलतील, हे मला सोसलं नसतं. मी रागावून ओरडलो, "तुमाले काय समजते त्यातलं!" बाबांनी सदरा पुन्हा खुंटीला लावला. त्यांनाच तर समजत होतं.

यवतमाळला परत आलो तेव्हा काका व्हरांड्यात बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागले.

"मीच भरल्या बरन्या, बाबू. दोन्ही सारखेच दिसले मले. कोनतं कोनतीतलं, ध्यानातच नाई राह्यलं. सरायले सांगू नोका. टेंपरवारी हाय मी. माही नोकरी जाईन."

मला त्यांच्यावर खेकसायचं होतं. पण ज्या दोन गोळ्यांत भल्याभल्यांनी गोंधळ घातला असता, त्यात हा माणूस चुकला, तेही रविवारी, फुकट, राखेने हात सोलून घेत. नुसती मान हलवून मी आत गेलो.

सरांपुढे मी काकांचं नाव घेतलं नाही. बरण्या धुताना कुठेतरी अदलाबदल झाली असावी, एवढंच म्हणालो. सरांनी कपाटातून टवक्याची बरणी काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिले. बरणी हळूहळू फिरवली. त्यांना कळलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्वच्छ दिसलं, आणि क्षणभर वाटलं, सुटलो.

"अठरा जण होते तुमच्या बॅचला," ते म्हणाले. "सतरांनी स्पंज लिहिलं. आता हा गोळा मी योग्य बरणीत घातला तर त्या सतरांचं उत्तर चुकलं. माझ्या यादीतलं उत्तर चुकलं. कोणी विचारलं, तर निकालच चुकला. पोरं नोकरीला लागलीत, रे."

"आणि माझं, सर?"

"तू हुशार आहेस. पुढच्या वर्षी होशील पास."

"पण बरणी तर नीट करा!"

"निकाल जुना होऊ दे," सर म्हणाले आणि बरणी होती तिथे ठेवली, डाव्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, स्पंजांच्या ओळीत. उजवं कपाट कण्याच्या वाटेवरच्या प्राण्यांचं. त्यात लाखेच्या ओघळाच्या बरणीत स्पंज बसला होता.

ते वर्ष कसं काढलं ते माझं मला ठाऊक. दिवसा एका वखारीत रुईच्या गाठींवर नंबर टाकायचो, संध्याकाळी ज्या विषयांत पास झालो होतो तेच पुन्हा वाचायचो. सरांनी नव्या मुलांना तोच धडा शिकवला. फळ्यावर तेच पिल्लू, तेच रंगीत खडू. पण "बघून करायचं असतं" हे वाक्य त्या वर्षी आलं नाही. बरणीही त्यांनी वर्गात आणली नाही. वखारीतून तेवढ्या तासापुरती सुटी काढून मी मागच्या बाकावर बसलो होतो, त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मला त्यांची कीवही येत होती आणि त्यांचा संतापही. त्या दोन गोष्टी एकाच वेळी वाटणं फार थकवणारं असतं.

फेब्रुवारीत कळलं की मुकुटबनच्या शाळेत मास्तरची एक जागा निघते आहे. पार झरी जामणीच्या रानाकडची, कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून मला मिळण्यासारखी. पण पास झालो तरच. बाबांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं, जिनिंगमधल्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं: जंगल असो की काही असो, घे.

परीक्षेला टवक्याची बरणी चौथ्या नंबरला होती. मी समोर उभा राहिलो. आतला गोळा आणखी थोडा आक्रसला होता, पण तोट्या दोन्ही शाबूत होत्या. घंटा व्हायला वेळ होता. मी मुकुटबन आठवलं, बाबांचं पत्र आठवलं, आणि लिहिलं: स्पंज. खाली वर्गीकरण. खाली कारणं, पाठ केलेली, एकही न चुकवता.

त्या वर्षीचे परीक्षक वेगळे होते. वयस्क, सावकाश बोलणारे. तोंडी परीक्षेत त्यांनी माझा कागद वाचला आणि चौथी बरणी स्वतः उचलून आणली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. खिडकीशी जाऊन पुन्हा पाहिली.

"स्पंज म्हणता तुम्ही," ते हळूच म्हणाले. "नक्की? मला इथे दोनच मोठी भोकं दिसताहेत. शंका येते."

सर समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काका दाराशी पाण्याचं तांब्या-भांडं घेऊन उभे होते, ते मात्र बघत होते. वर्षभर मी याच एका प्रश्नाची वाट पाहिली होती. कोणीतरी आत बघावं आणि मला विचारावं! आता विचारणारा आला होता आणि त्याच्या आवाजात चेष्टाही नव्हती.

मी पुढे वाकलो. बाबांनी करंगळी घातली होती त्याच तोटीवर, काचेवरून, बोट ठेवलं.

"हे ऑस्क्युलम, सर. पाणी बाहेर पडायचं भोक. आणि ते दुसरं, फॉर्मॅलिनमध्ये राहून झिजलंय, म्हणून मोठं दिसतं. बारीक छिद्रं आक्रसून बुजली आहेत. नमुना जुना आहे."

बोलताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. ते ऐकून माझं मलाच भय वाटलं. परीक्षकांनी आणखी एकदा बरणीकडे पाहिलं, मग पट्टी उचलून लेबल पाहिलं आणि मान डोलावली.

"हो, लेबलही तेच म्हणतंय. चांगलं सांगितलंत. शिक्षक होणार का?"

"हो, सर."

त्यांनी कागदावर मार्क मांडले. ते पैकीच्या पैकी होते, मी उलटे वाचले. आमचे सर घसा साफ करून म्हणाले की मुलगा अभ्यासू आहे, मागच्या वर्षी जरा गोंधळला होता इतकंच. मला त्याच क्षणी ओरडून सांगावंसं वाटलं. मी "थँक यू, सर" म्हणालो.

बाहेर काका बरण्या परत कपाटात लावत होते. दोन्ही काखांत एकेक आणि दोन्ही हातांत एकेक, टवक्याची उजव्या हातात. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"झाले ना पास, बाबू? मले माहीतच होतं."

ते डाव्या कपाटापाशी येऊन थांबले. त्यांचे हात गुंतलेले होते, म्हणून कपाटाचं दार मीच उघडून धरलं.